रुग्णालयात शस्त्र का नको? नियम, सुरक्षाव्यवस्था आणि नातेवाइकांनी घ्यायची काळजी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेअकराच्या सुमारास साठीचे एक शेतकरी आमच्याकडे आले. छातीत जोरात दुखत होते, अंग घामाने भिजले होते. मुलाने जीपमधून उतरवून त्यांना थेट कॅज्युअल्टीत आणले. ईसीजी काढण्यासाठी सिस्टरने सदरा वर केला आणि तिचा हात थबकला. कमरेला रिव्हॉल्व्हर होते.

"बाबांचा परवाना आहे, डॉक्टर," मुलगा म्हणाला. ते खरेही होते. पण त्या क्षणी परवान्याशी आम्हाला काही कर्तव्य नव्हते. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या आहेत का? ते कोणी काढायचे? कुठे ठेवायचे? मुलाला ते उघडता येत नव्हते, आणि मलाही नाही. शेवटी दारावरचे आमचे रक्षक, जे निवृत्त सैनिक होते, त्यांनी रुग्णाला दुसऱ्या खाटेवर घ्यायला लावले, ते रिव्हॉल्व्हर भिंतीकडे तोंड करून रिकामे केले आणि पोलिस ठाण्याला फोन लावला. या सगळ्यात चार-पाच मिनिटे गेली. हृदयविकाराच्या झटक्यात ही मिनिटे फार मोलाची असतात. ते गृहस्थ बरे होऊन घरी गेले, पण ती मिनिटे मी विसरलो नाही.

रुग्णालय आणि बंदूक हा विषय आपल्याकडे कोणी काढत नाही. "ते अमेरिकेत होतं, आपल्याकडे कुठे?" असे म्हणून आपण मोकळे होतो. पण परवान्याची शस्त्रे बाळगणारे शेतकरी, माजी सैनिक, बँकांचे रक्षक, व्यापारी आणि राजकीय कार्यकर्ते आपल्याकडेही आहेत, आणि तेही आजारी पडतात. त्यांच्या आणि त्यांच्या शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या दृष्टीने काही गोष्टी आधीच ठाऊक असलेल्या बऱ्या.

परवाना असेल तर रुग्णालयात बंदूक नेता येते का?

आपल्या देशात बंदुकीबाबतचा मुख्य कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६. त्यातील सर्वसामान्य माणसाला उपयोगी मुद्दे असे:

• परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा वाढली असून एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात.
• परवाना हा व्यक्तीच्या नावे असतो, घराच्या नावे नसतो. वडिलांचा परवाना आहे म्हणून मुलाला ती बंदूक कमरेला लावून फिरता येत नाही.
• सार्वजनिक ठिकाणी परवानाधारकानेही पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये आणि मोठी बंदूक झाकून नेली पाहिजे. ती काढून दाखवणे, रोखणे, हवेत गोळीबार करणे यांना सक्त मनाई आहे.
• बेफिकिरीने किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात आणल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.
• महाराष्ट्रात पोलिस वेळोवेळी महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात हे आदेश विशेष करून असतात. त्या काळात लाठ्या, तलवारी, बंदुका घेऊन फिरण्यावर बंदी येते.

म्हणजे परवाना ही शस्त्र बाळगण्याची मुभा आहे. कोणाच्याही आवारात ते घेऊन शिरण्याचा तो हक्क नाही. रुग्णालयाने दारावर "शस्त्र आणू नये" असे लिहिले असेल, किंवा रक्षकाने विचारले असेल, तर ती अट पाळावी लागते. ज्या रुग्णालयात अशी पाटी नाही तिथेही शस्त्र न नेणे हेच शहाणपणाचे.

ड्यूटीवरील पोलिसांची गोष्ट वेगळी. कैद्याला उपचारासाठी आणताना त्यांच्यासोबत सशस्त्र पहारा असतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

डॉक्टरांना बंदुकीची भीती का वाटते?

"मी थोडीच कोणावर रोखणार आहे?" असे परवानाधारक म्हणतात. बरोबर आहे, बहुतेक जण रोखणार नाहीतच. पण रुग्णालयात धोका फक्त हेतूमुळे येत नाही. तिथली परिस्थितीच वेगळी असते.

पहिली गोष्ट, रुग्णाचे भान. तीव्र ताप, सोडियम कमी होणे, यकृताचा आजार, शस्त्रक्रियेनंतरची भूल, दारू अचानक बंद होणे, अशा अनेक कारणांनी माणूस भ्रमिष्ट होतो. याला आम्ही डिलिरियम म्हणतो. एरवी अतिशय शांत असलेले आजोबा रात्री दोन वाजता सलाईनची नळी उपटतात, सिस्टरला चोर समजतात. अशा वेळी उशाखाली किंवा पिशवीत शस्त्र असेल तर काय होईल, याची कल्पना करा.

दुसरी गोष्ट, नातेवाइकांची मनःस्थिती. आयसीयूबाहेर तीन रात्री जागलेला, पैशांची जुळवाजुळव करणारा, वाईट बातमीची वाट पाहणारा माणूस आपल्या नेहमीच्या स्वभावात नसतो. त्याच्या हातात राग काढायला जे साधन असेल, त्यावर पुढचा अनर्थ ठरतो.

तिसरी गोष्ट, गर्दी आणि मुले. प्रतीक्षाकक्षात बॅगा एकमेकींना चिकटून पडलेल्या असतात. लहान मुले कुठलीही चेन उघडतात.

चौथी गोष्ट, भिंती आणि यंत्रे. वॉर्डात ऑक्सिजनच्या नळ्या आणि सिलिंडर असतात, पातळ पार्टिशनपलीकडे दुसरा रुग्ण झोपलेला असतो. चुकून सुटलेली गोळी पार्टिशनपाशी थांबत नाही.

एमआरआयची खोली: इथे चूक एकदाच होते

सगळ्यांत महत्त्वाची सूचना ही आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एमआरआयच्या यंत्रात अतिशय शक्तिशाली चुंबक असतो. आपल्याकडील बहुतेक यंत्रे दीड किंवा तीन टेस्लाची असतात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तुलनेत ही ताकद हजारो पटींनी जास्त आहे. लोकांचा एक मोठा गैरसमज असतो की तपासणी सुरू नसेल तेव्हा चुंबकही बंद असतो. तसे नाही. नेहमीच्या यंत्रांत चुंबक चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही, सुरूच असतो. खोलीत आवाज नाही म्हणजे ओढ नाही असे समजू नका.

लोखंडाची वस्तू आत नेली की ती हातातून सुटून यंत्राकडे झेपावते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका महापालिका रुग्णालयात रुग्णासोबत आलेला तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. सिलिंडरसह तो यंत्राकडे खेचला गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. तो रुग्ण नव्हता, फक्त सोबत आला होता.

बंदुकीच्या बाबतीत धोका दुहेरी असतो. बंदूक खेचली जातेच, शिवाय ती उडूही शकते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ड्यूटीवर नसलेला एक पोलिस अधिकारी तपासणीसाठी गेला असताना त्याचे पिस्तूल यंत्राने ओढून घेतले आणि आदळताच त्यातून गोळी सुटली. पिस्तुलाची सेफ्टी लावलेली होती. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. ब्राझीलमधील साओ पावलो येथे जानेवारी २०२३ मध्ये मात्र तसे सुदैव नव्हते. आईच्या तपासणीसाठी सोबत आलेल्या एका वकिलाने कमरेला पिस्तूल असल्याचे सांगितले नाही. धातूच्या वस्तू बाहेर ठेवण्याची सूचना त्यांना दिलेली होती. चुंबकाने पिस्तूल ओढले, गोळी सुटून त्यांच्या पोटात शिरली आणि काही आठवड्यांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्याकडेही परवाना होता.

म्हणून एमआरआयपूर्वी तंत्रज्ञ जी लांबलचक यादी वाचून दाखवतो, तिला "हो हो, काही नाही" म्हणून उरकू नका. पुढील गोष्टी आपणहून सांगा:

• कमरेला, पायाला किंवा बॅगेत असलेले कोणतेही शस्त्र, चाकू, काडतुसे.
• शीख बांधवांची कृपाण. ती धारण करण्याच्या हक्काला संविधानाने मान्यता दिली आहे आणि त्याचा आदर राखूनच तंत्रज्ञ मार्ग काढतील. पण लोखंडी कृपाण एमआरआयच्या खोलीत नेता येत नाही, त्यामुळे आधी बोलून घ्या.
• अंगात राहिलेली जुनी गोळी किंवा छर्रे. शिकारीत, अपघाताने किंवा सैन्यात असताना लागलेले तुकडे कित्येक वर्षे शरीरात असू शकतात. काही छर्रे पोलादाचे असतात आणि चुंबकात हलू शकतात. विशेषतः डोळा, मेंदू किंवा पाठीच्या कण्याजवळ तुकडा असल्याची शंका असेल तर आधी एक्स-रे काढून मग निर्णय घेतला जातो.
• पेसमेकर, मेंदूतील क्लिप, कानातील इम्प्लांट यांसारखी बसवलेली साधने.

रुग्णासोबत आत जाणाऱ्या नातेवाइकालाही हाच नियम लागू आहे. वरच्या तीन घटनांपैकी दोन घटनांत जीव गेला तो सोबत आलेल्याचा.

दारावरच्या रक्षकाकडे बंदूक का नसते?

"इतके मोठे रुग्णालय, आणि रक्षकाच्या हातात नुसती काठी?" हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. यामागे कारण आहे.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २००० ते २०११ या काळातील तिथल्या रुग्णालयांमधील १५४ गोळीबारांचा अभ्यास केला होता. त्यात आपत्कालीन विभागात घडलेल्या घटनांपैकी २३ टक्के घटनांत वापरलेली बंदूक ही रक्षकाकडून हिसकावून घेतलेली होती. म्हणजे संरक्षणासाठी आणलेले शस्त्रच झटापटीत उलटले. गर्दीच्या कॅज्युअल्टीत, भ्रमिष्ट रुग्णाला आवरताना, रक्षकाच्या कमरेचे पिस्तूल हा धोका ठरू शकतो. म्हणून रुग्णालयाची खरी सुरक्षा वेगळ्या गोष्टींवर उभी असते: मोजके दरवाजे, पासची पद्धत, सीसीटीव्ही, प्रकाश, धोक्याची घंटा, जवळच्या पोलिस चौकीशी थेट संपर्क आणि बोलून शांत करू शकणारे प्रशिक्षित रक्षक.

महाराष्ट्रात हा प्रश्न २०१७ साली ऐरणीवर आला. मार्च महिन्यात धुळे येथे एका निवासी डॉक्टरला रुग्णाच्या नातेवाइकांनी इतकी मारहाण केली की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. शासनाने सरकारी रुग्णालयांसाठी ११०० सुरक्षारक्षक देण्याची ग्वाही दिली आणि महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे जवान अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत दिसू लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात ड्यूटीवरील डॉक्टर तरुणीवर अत्याचार करून तिची हत्या झाली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमले. केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयानेही केंद्र सरकारच्या रुग्णालयांना व वैद्यकीय महाविद्यालयांना सूचना काढली, की ड्यूटीवरील कर्मचाऱ्यावर हिंसा झाल्यास सहा तासांच्या आत संस्थेने पोलिसांत तक्रार नोंदवावी.

पास, तपासणी आणि "दोघांनाच आत सोडणार"

भेटीची वेळ ठरलेली असते, एका रुग्णामागे एक-दोन पास मिळतात, बॅग उघडून दाखवायला सांगतात. गावाहून आलेल्या नातेवाइकांना हा अपमान वाटतो. "आम्ही काय चोर आहोत?" असा सूर लागतो.

या नियमांमागे काय आहे, ते दोन घटनांवरून कळेल. १२ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टोळीयुद्धातील मारेकरी बंदुका घेऊन थेट वॉर्डात शिरले. पोलिस पहाऱ्यात उपचार घेणाऱ्या आरोपीला त्यांनी मारले, आणि पहाऱ्यावरचे दोन पोलिसही मृत्युमुखी पडले. १४ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या गुरू तेग बहादूर रुग्णालयात पोटाच्या आजारासाठी दाखल असलेल्या एका रुग्णाची वॉर्डात गोळ्या झाडून हत्या झाली. पोलिसांच्या तपासानुसार मारेकऱ्यांचे लक्ष्य त्याच वॉर्डातील दुसरा माणूस होता. ज्याचा जीव गेला त्याचा या वैराशी काही संबंध नव्हता.

वॉर्डात कोण आहे आणि का आहे, हे रुग्णालयाला ठाऊक असणे म्हणजे शेजारच्या खाटेवरील तुमच्या माणसाचे संरक्षण. त्यामुळे:

• पास गळ्यात किंवा खिशात ठेवा, दुसऱ्याला देऊ नका.
• अनोळखी व्यक्ती तुमच्या रुग्णाची खाट, नाव विचारत असेल तर सिस्टरला सांगा.
• बॅगेची तपासणी होत असेल तर सहकार्य करा. महिलांची तपासणी महिला रक्षकाने करावी, असा आग्रह धरण्याचा तुम्हाला हक्क आहे.
• शेजारी पोलिस पहाऱ्यातला रुग्ण असेल तर त्याच्याशी गप्पा, फोटो, निरोपांची देवाणघेवाण टाळा. फार अस्वस्थ वाटत असेल तर खाट बदलून मागा. अशी विनंती करण्यात काही गैर नाही.
• मुलांची खेळण्यातली पिस्तुले घरी ठेवा. आजकालची खेळणी इतकी हुबेहूब असतात की लांबून फरक कळत नाही.
• खिशातला चाकू, विळा, कोयता हेही शस्त्रच आहे. शेतातून थेट रुग्णालयात येताना गाडीतच ठेवा.

रागाच्या भरात हात उचलला तर

महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्थांविरुद्धच्या हिंसाचाराला आळा घालणारा स्वतंत्र कायदा आहे. डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी, वॉर्डबॉय, सगळे त्याच्या संरक्षणात येतात. हल्ला किंवा तोडफोड केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिवाय मोडलेल्या वस्तूंच्या किमतीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागू शकते. शस्त्र वापरले तर शस्त्र कायदा आणि भारतीय न्याय संहितेची कलमे वेगळी लागतात.

मी डॉक्टर आहे म्हणून एकाच बाजूने बोलतो असे वाटू नये. रुग्णालयांकडूनही चुका होतात. कोणी नीट बोलत नाही, बिल कळत नाही, मृत्यूची बातमी घाईत उभ्याउभ्या सांगितली जाते. ही तक्रार रास्त आहे. पण तिचे मार्ग आहेत. आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बसून बोलण्याची वेळ मागा. तिथे समाधान झाले नाही तर वैद्यकीय अधीक्षक किंवा रुग्णालयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी द्या. महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते, ती वाचा. पुढे वैद्यकीय परिषद आणि ग्राहक आयोग आहेत. घरातल्या एकाच व्यक्तीने डॉक्टरांशी बोलावे आणि बाकीच्यांना सांगावे, ही साधी रीतही कित्येक भांडणे टाळते.

परवानाधारकाच्या घरी अचानक आजारपण आले तर

आता सुरुवातीच्या त्या रात्रीकडे वळू. तेव्हा काय करायला हवे होते?

१. जीव आधी. छातीत दुखणे, लकवा, अपघात अशा वेळी बंदुकीसाठी घरी थांबू नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा किंवा निघा.

२. निघण्यापूर्वी रुग्ण शुद्धीवर असेल तर एकच प्रश्न विचारा: "अंगावर काही आहे का?" असेल तर शक्यतो त्यांनाच ते रिकामे करून घरातील कुलूपबंद कपाटात ठेवू द्या. काडतुसे वेगळ्या जागी ठेवा.

३. तुम्हाला हाताळता येत नसेल तर चाप, घोडा, सेफ्टी यांना हात लावू नका. "रिकामीच आहे" या शब्दावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजायचे.

४. गडबडीत शस्त्र सोबत आलेच, तर रुग्णालयाच्या दारातच स्पष्ट सांगा. ट्रॉलीवर घेताना, कपडे काढताना, सीटी किंवा एमआरआयला नेताना ते सापडण्यापेक्षा आधी सांगितलेले केव्हाही बरे. तुम्हाला कोणी रागावणार नाही.

५. रक्षकामार्फत जवळच्या पोलिस ठाण्याला किंवा ११२ वर कळवा. शस्त्र पोलिसांकडे दिल्यावर लेखी पावती घ्या. परवान्याची प्रत जवळ असेल तर काम सोपे होते.

६. मुक्काम लांबणार असेल, घरी कोणी नसेल, तर शस्त्र पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवता येते.

७. दुर्दैवाने परवानाधारकाचे निधन झाले, तर ते शस्त्र आपोआप वारसाचे होत नाही. विनाविलंब ते जमा करून पुढील अर्ज करावा लागतो. दुःखाच्या दिवसांत हे राहून जाते आणि घरात बेकायदा शस्त्र पडून राहते.

गोळी लागलेल्या व्यक्तीला नेताना

शिकारीला गेलेल्यांच्या चुकीने, वरातीतल्या गोळीबाराने किंवा गुन्ह्यात कोणाला गोळी लागली, तर लोकांना पोलिसांची भीती वाटते आणि रुग्ण रस्त्यावर पडून राहतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात निःसंदिग्ध सांगितले आहे, की जखमीला तातडीचा उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, पोलिसांच्या सोपस्कारांसाठी तो थांबवता येत नाही. "आधी पोलिस केस करून या" असे कोणी म्हणाले तर हे आठवणीने सांगा.

गोळीच्या जखमेची नोंद मात्र रुग्णालय एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-न्यायिक प्रकरण म्हणून करते आणि पोलिसांना कळवते. हे सर्वांनाच लागू असते. तुमच्यावर संशय आहे असा त्याचा अर्थ नाही. "पोलिसांना कळवू नका" असा आग्रह डॉक्टरांना धरू नका.

वाटेत एवढे करा: स्वच्छ कापड जखमेवर ठेवून जोरात, न सोडता दाबून धरा. कापड भिजले तर काढू नका, त्यावर दुसरे ठेवा. आत काही रुतले असेल तर उपटू नका. पाणी, चहा, काहीही तोंडाने देऊ नका, कारण शस्त्रक्रिया लागू शकते. अंगावर पांघरूण घाला. रक्ताचे कपडे धुऊ किंवा फेकू नका, ते पुरावा असतात.

रुग्णालयातच गोळीबार झाला तर

ही वेळ बहुतेकांवर कधीच येणार नाही. तरीही दोन मिनिटे यावर विचार करून ठेवा.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले. दोन रक्षक मारले गेले. त्या रात्री प्रसूतिपूर्व वॉर्डात ड्यूटीवर असलेल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डाचे जड दरवाजे बंद केले, दिवे मालवले आणि वीस गरोदर स्त्रियांना वॉर्डाच्या टोकाकडील छोट्या पँट्रीत हलवले. एकीला तशातच कळा सुरू झाल्या, तिला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिगृहात नेले. त्या सगळ्या जणी वाचल्या. कुलथे यांच्याकडे शस्त्र नव्हते. दार, अंधार आणि शांत डोके एवढेच होते.

त्यातून घ्यायचा धडा सोपा आहे:

• सुरक्षितपणे बाहेर पडता येत असेल तर पडा, सामान सोडून द्या. लिफ्ट टाळा.
• जाता येत नसेल तर खोलीचे दार लावा, आडवे काही सरकवा, दिवे बंद करा, फोन सायलेंट करा, दारासमोर व काचेसमोर थांबू नका.
• ११२ वर हळू आवाजात मजला आणि वॉर्ड सांगा.
• बघायला, व्हिडिओ काढायला जाऊ नका. कर्मचारी सांगतील तसे करा.
• पोलिस आल्यावर हात रिकामे आणि दिसतील असे ठेवा.

वॉर्डात दाखल झाल्यावर जिना आणि आपत्कालीन दार कुठे आहे हे एकदा पाहून ठेवा. आग लागली तरी तेच उपयोगी पडते.

घरातली बंदूक आणि मनाचा आजार

शेवटचा मुद्दा, पण माझ्या मते सर्वांत जास्त जीव वाचवणारा. डॉक्टर म्हणून मला गोळीबाराच्या बातम्यांपेक्षा या गोष्टीची काळजी जास्त वाटते.

नैराश्य, दारूचे व्यसन, स्मृतिभ्रंश, नुकतेच झालेले कर्करोगाचे निदान, कर्जाचा बोजा, जोडीदाराचा मृत्यू. अशा काळात घरात शस्त्र हाताशी असणे हा मोठा धोका आहे. आत्महत्येचा विचार अनेकदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. ती लाट असताना साधन हाताशी नसेल, तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते. बंदूक मात्र दुसरी संधी क्वचितच देते.

शस्त्र परवान्यासाठी शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. पण परवाना पाच वर्षांचा असतो आणि पाच वर्षांत माणसाचे बरेच काही बदलते. म्हणून घरच्यांनी डोळे उघडे ठेवायला हवेत. "आता माझं काय राहिलंय" असे बोलणे, व्यवहार आवरते घेणे, झोप उडणे, विनाकारण संशय घेणे, नातवंडांची नावे विसरणे ही चिन्हे दिसली तर डॉक्टरांना सांगताना "घरात बंदूक आहे" हेही सांगा. आम्ही विचारायला विसरलो तरी तुम्ही सांगा.

वडीलधाऱ्यांकडून शस्त्र मागणे अवघड असते, तो त्यांच्या मानाचा प्रश्न होतो. हिसकावू नका. "तुमची तब्येत सुधारेपर्यंत ठाण्यात जमा करू, परवाना तुमच्याच नावे राहील," असे म्हणून पाहा. अनेकदा डॉक्टरांच्या तोंडून हीच गोष्ट पटते, त्यामुळे आम्हाला मध्ये घ्या. मन फार खचले असेल, कोणाशी बोलावेसे वाटत असेल, तर टेली मानस या शासकीय हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येते. जिवाला तत्काळ धोका वाटत असेल तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका आणि थेट रुग्णालयात आणा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*एअर गन किंवा छर्‍याची बंदूक चालेल का?*
नाही. छर्‍याने डोळा जाऊ शकतो, आणि लांबून ती खरीच दिसते. आवारात आणू नका.

*माझ्या रुग्णाच्या जिवाला खरोखर धोका आहे, मग शस्त्र का नको?*
धोका असेल तर तो पोलिसांना आणि रुग्णालय प्रशासनाला लेखी कळवा. खोली बदलणे, भेटी बंद करणे, पोलिस पहारा मागणे हे उपाय आहेत. भरलेली बंदूक घेऊन बसलेला नातेवाईक संकटकाळी पोलिसांनाच हल्लेखोर वाटू शकतो.

*गाडीच्या डिकीत ठेवली तर?*
पार्किंगमधून गाडी किंवा शस्त्र चोरीला गेले तर जबाबदारी परवानाधारकावर येते. घरी कुलपात किंवा पोलिस ठाण्यात, या दोनच जागा योग्य.

*अंगात जुना छर्रा आहे, एमआरआय कधीच करता येणार नाही का?*
तसे नाही. धातू कोणता, जागा कोणती, यावर ते ठरते. एक्स-रे पाहून रेडिओलॉजिस्ट निर्णय घेतात. फक्त माहिती लपवू नका.

त्या रात्रीचे आमचे शेतकरी काका नंतर तपासणीला येत राहिले. पहिल्याच भेटीत खुर्चीत बसण्याआधी ते हसून म्हणाले, "डॉक्टर, आज कंबर रिकामी आहे बरं का." तुम्हीही रुग्णालयात येताना जुने रिपोर्ट, गोळ्यांची यादी आणि आधारकार्ड सोबत घ्या. शस्त्र मात्र घरी कुलपात ठेवा, आणि चुकून सोबत आलेच तर दारातच सांगा.